खलाशाची शिंपल्यांची पेटी : ओळखावी कशी, घ्यावी कशी, जपावी कशी

आठ कोनांची लाकडी पेटी. एका बाजूला पितळी बिजागऱ्या, दुसरीकडे छोटी कडी. पुस्तकासारखी उघडली की दोन्ही भागांत काचेखाली शेकडो बारीक शिंपल्यांची नक्षी दिसते. एका भागात बहुधा बदाम किंवा फूल असतं, दुसऱ्यात होकायंत्राची चांदणी, नाहीतर शिंपल्यांच्याच अक्षरांत लिहिलेला इंग्रजी मजकूर : ‘मला विसरू नकोस’, ‘खरोखर तुझाच’, ‘बार्बाडोसहून भेट’ या अर्थाचा. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश आणि अमेरिकन खलाशी घरी परतताना बायकोसाठी, आईसाठी, ठरलेल्या मुलीसाठी अशा पेट्या नेत. इंग्रजीत त्यांना सेलर्स व्हॅलेंटाइन म्हणतात.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर किंवा इंग्लंडच्या बंदरगावांत राहणाऱ्या मराठी माणसाला ही वस्तू कधी ना कधी दिसतेच. कुणाच्या घरातलं जुनं सामान विकायला निघतं, लिलावाची यादी हातात येते, नाहीतर सुट्टीत गेलेल्या गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ती कोपऱ्यात उभी असते. किंमत ऐकली की दचकायला होतं, कारण चांगल्या जुन्या पेटीला काही हजार डॉलर सहज पडतात. एवढे पैसे मोजायचे तर आपण काय बघतोय हे आधी कळायला हवं.

आधी गोष्ट बाजूला ठेवा

दुकानदार तुम्हाला एक गोष्ट सांगेल. व्हेल मासे मारायला निघालेलं जहाज, वर्षानुवर्षांचा प्रवास, कंदिलाच्या उजेडात एकेक शिंपला चिकटवत बसलेला विरही खलाशी. ऐकायला छान आहे. पण जहाजावर अशा कामासाठी ना जागा, ना स्थिर टेबल, ना हजारो शिंपले निवडून ठेवायची सोय. खलाशी हस्तकला करत, ती वेगळी : व्हेलच्या दातांवरचं कोरीवकाम, दोरांच्या गाठींचं काम, लोकरीनं भरलेली जहाजांची चित्रं. त्यामुळे शिंपल्यांची पेटीही त्यांचीच, असं लोकांनी सहज धरून चाललं.

प्रत्यक्षात या पेट्या विकत घेतलेल्या असत, आणि त्यातल्या बहुतेक एकाच बेटावरून आलेल्या : कॅरिबियन समुद्रातलं बार्बाडोस. काळ साधारण १८३० ते १८९०. कॅरिबियन बेटांत हे सगळ्यात पूर्वेचं. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या शिडाच्या जहाजांना वाऱ्याच्या वाटेवर ते आधी लागे. पाणी, भाजीपाला, दुरुस्ती यासाठी जहाजं ब्रिजटाउन बंदरात थांबत आणि खलाशी पगाराचे पैसे घेऊन गावात उतरत. तिथे बी. एच. बेलग्रेव्ह यांचं ‘न्यू क्युरिऑसिटी शॉप’ होतं. काही पेट्यांच्या पाठीवर या दुकानाची छापील चिठ्ठी आजही सापडते. १९६१ मध्ये जुडिथ कूलिज ह्यूज या अभ्यासक बाईंनी लेख लिहून हा धागा जुळवला. दुरुस्तीसाठी उघडलेल्या एका पेटीच्या अस्तरात बार्बाडोसच्या वर्तमानपत्राचा कागद निघाला होता. शिंपलेही त्याच भागातले, आणि नमुने पेटीमागून पेटीत तेच ते. एकट्या खलाशानं मनानं केलेलं काम असं एकसारखं निघत नाही.

मग केल्या कुणी? बहुधा बेटावरच्या बायकांनी, घरी बसून, नगावर मजुरी घेऊन. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली, पुढची चार वर्षं शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली तीच राबवणूक चालली, आणि त्यानंतर रोख पैसा मिळवून देणारं कुठलंही काम मोलाचं होतं. पेटीवर दुकानाचं नाव सापडतं, करणारीचं नाही. मला विचाराल तर विरही खलाशाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शिवाय ती वस्तू पारखायला प्रत्यक्ष उपयोगी पडते : हा धंद्याचा माल होता, म्हणून त्याची ठरलेली मापं, ठरलेली लाकडं, ठरलेली रीत आहे. जे त्या रीतीत बसत नाही, ते संशयानं बघायचं.

डोळा तयार करा

विकत घेण्याआधी खऱ्या पेट्या भरपूर बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या नँटकेट बेटावरचं व्हेलिंग म्युझियम आणि फ्लोरिडातल्या सॅनिबेलचं बेली-मॅथ्यूज शंख संग्रहालय ही त्यासाठी उत्तम ठिकाणं. सॅनिबेलला दर मार्चमध्ये शंख-शिंपल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि तिथे आजच्या कलाकारांनी केलेल्या पेट्याही मांडलेल्या असतात. जुनं आणि नवं एका फेरीत बघायला मिळतं, म्हणून जमलं तर तेव्हाच जा. लांब असाल तर लिलावगृहांच्या जुन्या याद्यांमधले फोटो मोठे करून बघा. सोबतचं वर्णनही नीट वाचा : ‘डागडुजी केलेली’, ‘काच बदललेली’, ‘काही शिंपले सुटलेले’ हे शब्द किमतीत किती फरक पाडतात ते लक्षात येतं.

बघताना नक्षीची ठेवण मनात बसवा. मधोमध मुख्य आकृती, तिच्याभोवती गोल किंवा अष्टकोनी पट्टे, आणि पट्ट्यांचे पुठ्ठ्याच्या उभ्या पट्टीनं पाडलेले खण. खणाच्या तळाशी कापूस किंवा कागद, त्यावर एका जातीचे, एका रंगाचे शिंपले. कडेला बहुतेकदा शिंपल्यांचीच झालर. रंग गुलाबी, पांढरा, पिवळट, तपकिरी, जांभळट. काही पेट्यांत शिंपल्यांच्या जोडीला बियाही आढळतात. नीटनेटकेपणा खूप, पण यंत्राचा नाही. बदामाची एक बाजू जरा फुगलेली आणि अक्षरांमधलं अंतर थोडं कमीजास्त असणारच.

या कामाची मेहनत समजून घ्यायची असेल तर एक छोटा खेळ करा. घरात तिसऱ्या किंवा खुबे आणले की रिकामे शिंपले उकळून, घासून, उन्हात वाळवून ठेवा. मग फक्त तळहाताएवढा एक खण भरा. सगळे शिंपले एकाच मापाचे, एकाच बाजूला तोंड केलेले, मध्ये फट न दिसता. शिंपले चिकटवायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ निवडण्यात जातो. एकदा हे केलं की काचेखालचं काम सराईत हाताचं आहे की घाईचं, हे तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या दिसायला लागेल.

हातात घेऊन तपासा

सोबत भिंग, लहान टॉर्च आणि शक्य असेल तर अतिनील प्रकाशाचा टॉर्च ठेवा. तपासणी लाकडापासून सुरू करा, शिंपल्यांपासून नाही. शिंपल्यांकडे आधी बघितलं की माणूस भुलतो.

पेटी बहुतेकदा स्पॅनिश सीडर या तांबूस, हलक्या, सुवासिक लाकडाची असते. सिगारच्या पेट्या करतात तेच हे लाकूड. माप साधारण आठ ते पंधरा इंच. आठही कोपरे बघा. जुन्या लाकडाचे सांधे आकसलेले असतात, कडा हाताळून गोलसर झालेल्या असतात, आणि बिजागरीखालचं लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळ्या छटेचं दिसतं. सगळीकडे सारखाच गडद तपकिरी रंग असेल तर तो काळानं आलेला नाही, ब्रशानं आलेला आहे. फुलीची खाच असलेला स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा. नुसती बिजागरी नंतर बदललेली असू शकते, तेव्हा एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, पण प्रश्न मात्र विचारा.

काच तिरकी धरून तिच्यात खिडकीचं प्रतिबिंब पाहा. जुन्या काचेत ते किंचित लहरतं. सपाट, निर्दोष काच म्हणजे बदललेली काच, आणि काच बदलली म्हणजे पेटी उघडली गेली. मग आत काय काय केलं, हे विक्रेत्यानं सांगायला हवं.

आता अतिनील टॉर्च. खोलीत अंधार करून तो अस्तराच्या कागदावर, पाठीवरच्या चिठ्ठीवर आणि कापसावर मारा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत आणि कापडांत शुभ्रपणा आणणारी रसायनं सर्रास वापरली गेली. ती या प्रकाशात भडक निळसर चमकतात. एकोणिसाव्या शतकातला कागद तसा चमकत नाही. मात्र गोंदाच्या चमकण्यावरून घाईनं काही ठरवू नका. जुना प्राणिज सरससुद्धा फिकट निळसर उजळतो, त्यामुळे तिथे फसायला होतं. कागदाचा पुरावा त्यापेक्षा भरवशाचा.

शेवटी शिंपले. भिंगातून कडेकडेनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पारदर्शक धागे म्हणजे गरम गोंदाची बंदूक वापरलेली आहे, ते आजचं काम. रंग सगळीकडे तजेलदार असेल तरी लगेच निकाल देऊ नका : शिंपल्यांचा नैसर्गिक रंग उजेडानं उडतो, म्हणून भिंतीवर टांगलेली एकेरी, म्हणजे एकाच भागाची, पेटी बहुधा फिकट झालेली असते, तर मिटून ठेवलेल्या दोन भागांच्या जोडपेटीत रंग चांगले टिकतात. जोडपेटीचे दोन भाग रंगानं आणि जीर्णपणानं एकमेकांशी जुळतात का, हेही पाहा. दोन वेगळ्या पेट्यांचे भाग जोडून एक केलेली पेटीही बाजारात येऊ शकते.

नवी पेटी म्हणजे नकली पेटी, असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला अमेरिकेत पुन्हा रुजली आणि आजचे काही कलाकार जुन्यांपेक्षा बारीक काम करतात. सही आणि वर्ष टाकलेली नवी पेटी अभिमानानं घ्यावी. लबाडी सुरू होते ती सही खरवडून ‘आजोबा जहाजावर होते’ म्हणायला लागलं की.

आणखी एक गल्लत नेहमी होते. शिंपले बाहेरून चिकटवलेले दागिन्यांचे डबे, शिंपल्यांच्या बाहुल्या, आरशाच्या चौकटी या वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. समुद्रकिनारी सहलीला आलेल्या लोकांसाठी त्या युरोपात ठिकठिकाणी होत. त्याही जुन्या आणि गोड असू शकतात, पण त्यांची किंमत फार कमी. मुंबईच्या चोरबाजारात ‘जहाजावरची’ म्हणून शिंपल्यांचा डबा दाखवला, तर तो या दुसऱ्या जातीचा आणि विसाव्या शतकातला असण्याचीच शक्यता मी धरेन.

भाव करताना

जोडपेटी एकेरीपेक्षा महाग. मजकूर असलेली, विशेषतः बदामाची, त्याहून महाग. दुकानाची मूळ चिठ्ठी पाठीवर असेल तर अजून वर. दोन-चार शिंपले सुटून काचेखाली पडलेले असतील तर घाबरू नका. ते आतच आहेत, म्हणजे परत बसवता येतात. मोठं नुकसान म्हणजे पूर्ण खण रिकामा असणं, नंतर भलत्याच जातीचे शिंपले भरलेले असणं, किंवा नक्षीवर पांढरी भुकटी दिसणं. भुकटीबद्दल पुढे बोलतो.

पावतीवर विक्रेत्याकडून चार गोष्टी लिहून घ्या : अंदाजे काळ, मूळ ठिकाण, कुठली दुरुस्ती झाली आहे, आणि वर्णन खोटं निघालं तर परत घेणार की नाही. तोंडी सांगताना सगळे १८५० म्हणतात. लिहायची वेळ आली की ‘एकोणिसाव्या शतकाच्या शैलीतली’ असे शब्द निघतात. त्या ‘शैलीतली’ वर बोट ठेवून भाव करा.

देशात आणायची असेल तर

शिंपले म्हणजे वन्यजीवांचेच अवशेष, हे विमानतळावर आठवून उपयोग नाही. कॅरिबियनमधला गुलाबी ओठाचा मोठा शंख, ज्याला क्वीन काँच म्हणतात, १९९२ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत, आहे. कडक प्रवाळही तिथेच. पेटीत अशा जातीचा तुकडा असेल तर वस्तू करारापूर्वीची असल्याचं प्रमाणपत्र निघणाऱ्या देशातून घ्यावं लागतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन साइट्समधल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली. म्हणून पेटीत कोणकोणत्या जातींचे शिंपले आहेत याची यादी तज्ज्ञाकडून करून घ्या आणि पेटी पाठवण्याआधी सीमाशुल्काच्या जाणकाराला दाखवा. हाच नियम उलट्या दिशेनंही लक्षात ठेवा : नॉटिलस, जायंट क्लॅम, शिंगाळा हेल्मेट शंख या जाती आपल्या कायद्यानं संरक्षित आहेत. किनाऱ्यावरच्या टपरीत त्या विकायला दिसल्या तरी घेऊ नका.

वाहतुकीत पेटी आडवी ठेवा, काच वर. जोडपेटी मिटून, मध्ये मऊ, आम्लरहित कागद घालून. काच तडकली तर तिचेच तुकडे शिंपले कापतात, म्हणून आधीच भेग असेल तर काचेवर सहज निघणारी चिकटपट्टी लावून घ्या.

घरी आल्यावर : खरा शत्रू

संग्राहकांना वाळवीपेक्षा एका पांढऱ्या भुकटीची जास्त भीती वाटते. शिंपल्यावर आधी निस्तेजपणा येतो, मग बुरशीसारखे बारीक पांढरे स्फटिक उगवतात आणि हळूहळू पृष्ठभागच खाल्ला जातो. याला बाइनचा रोग म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बाइन नावाच्या इंग्रज शंखसंग्राहकानं त्यावर लिहिलं. त्याला तो जिवाणूंचा प्रताप वाटला होता. रोग बिग काही नाही, ही साधी रसायनक्रिया आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, काही रंग आणि गोंद यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते. हवेत ओल असली की ती शिंपल्यावर बसून त्याचे क्षार बनवते.

आता आपली परिस्थिती बघा. मुंबई, कोकण, गोवा : चार महिने भिंती घामेजलेल्या. त्यात हौसेनं करून घेतलेलं प्लायवूडचं काचेचं कपाट, ज्याची दारं घट्ट बसतात. शिंपले खराब करायला याहून चांगली जागा नाही. पेटीचं स्वतःचं लाकूडही थोडी वाफ सोडतंच, ते टाळता येत नाही. निदान बाहेरून भर घालू नका.

म्हणून पेटी धातूच्या, भट्टीत भाजलेल्या रंगाच्या कपाटात किंवा उघड्या फळीवर ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. जवळ स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवून ते वरचेवर वाळवा, पण एकदम ठणठणीत कोरडं करू नका, नाहीतर लाकूड आकसून काच दाबेल. कपाटाची काच बसवताना सुतार व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन वापरतो. तो वास म्हणजेच ॲसिटिक आम्ल. त्याला दुसरं, वास न येणारं सिलिकॉन वापरायला सांगा. डांबराच्या गोळ्या नकोत. थेट ऊन नको आणि पेटीवर रोखलेला दिवाही नको.

भुकटी दिसलीच तर पुसू नका, धुवू नका. पेटी हवेशीर, कोरड्या जागी हलवा आणि संग्रहालयीन जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. सुटलेला शिंपला चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. घरातला पांढरा गोंद पुढे स्वतःच ॲसिटिक वाफ सोडतो आणि नंतर नीट निघतही नाही. जतनकार पॅरालॉइड बी-७२ सारखं ॲसिटोनमध्ये विरघळणारं ॲक्रेलिक वापरतात, कारण ते पुन्हा काढता येतं. काच बाहेरून पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. थेंब चौकटीच्या फटीतून आत उतरतो.

कीडही बघत राहा. कसर कागदाचं अस्तर खाते, आणि पेटीखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात भुंगा आहे.

आणल्या दिवशी पेटीचे पुढून, मागून, कडेनं आणि प्रत्येक खणाचे जवळून फोटो काढा. मग दरवर्षी मे अखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर त्याच कोनातून पुन्हा काढा. भुकटीची सुरुवात नुसत्या डोळ्यांना कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळते. पावती, जातींची यादी, आधीच्या मालकानं सांगितलेली माहिती हे सगळं वेगळ्या पाकिटात ठेवा. पेटीच्या आत किंवा पाठीला काहीही चिकटवू नका, तिथे दुकानाची जुनी चिठ्ठी असेल तर तिच्यावर तर मुळीच नाही.